मोठ्या कंपन्यांवरचा आपला राग नेमका कुणाचा? गिऱ्हाइकाचा की कामगाराचा?

गिरणगावकर (धागालेखक)

मी आणि आणखी दोघं मिळून गेली सात वर्षं एक छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राममध्ये जोडायचा तयार कोड, सांभाळतोय. आकड्यातली रक्कम अक्षरी लिहून द्यायची, एवढंच तिचं काम. पावती, बिल, धनादेश, जिथे 'अक्षरी रुपये' लिहावं लागतं तिथे ती उपयोगी पडते. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द आहे. एकोणसाठ, एकसष्ट, त्रेसष्ट, पासष्ट हे नियम लावून तयार होत नाहीत, हातानेच भरावे लागतात. मराठी, हिंदी, गुजराती असे तिन्ही तक्ते आम्ही बसून भरले. मराठीचा तक्ता माझ्या आईने चष्मा लावून दोनदा तपासला. सोर्स खुला, लायसन्स एमआयटी, कुणीही फुकट वापरावी.

गेल्या महिन्यात शुक्रवारी रात्री साडेअकराला एका मोठ्या वित्तीय कंपनीतून मेल आली. आमच्या नव्या आवृत्तीत एक चूक राहून गेली होती आणि त्यांच्या पावत्यांवर 'एक लाख'च्या जागी 'शंभर हजार' छापलं जात होतं. चूक आमचीच होती. पण मेलचा सूर असा: प्रॉडक्शन अडलंय, दुरुस्ती कधी मिळेल ते तासाभरात कळवा. सोबत त्यांच्या मॅनेजरला आणि मॅनेजरच्या मॅनेजरला प्रत. मी रात्री दोनपर्यंत बसून दुरुस्त केलं. शनिवारी सकाळी त्यांनी नवी आवृत्ती उतरवून घेतली. त्यानंतर एक अक्षरही आलं नाही.

वडिलांना हे सांगितलं. ते गिरणीत साच्यावर होते, त्याआधी चार वर्षं बदली. भोंग्याच्या आधी दारावर जाऊन उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर आत घेणार, नाहीतर परत घरी. त्यांनी विचारलं, "रात्रीचे किती दिले?" मी म्हटलं, काही नाही, यात तसं नसतं. ते म्हणाले, "बदलीला आत घेतला की त्या दिवसाचा पगार तरी मिळायचा रे."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आपण सगळे मोठ्या कंपन्यांवर भरपूर बोलतो. चहाला, मीटअपला, रात्री गटावर. भाव वाढला की बोलतो, खातं बंद केलं की बोलतो, आवडतं ॲप जाहिरातींनी भरलं की बोलतो. जुने लोक तत्त्वावर बोलतात. १९७६ साली मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहून सांगितलं की तुम्ही सॉफ्टवेअर चोरताय. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमनने जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा करून सांगितलं की सॉफ्टवेअर वाटून घ्यायचीच गोष्ट आहे. आपली निम्मी भांडणं अजून त्या दोन टोकांमध्येच चालतात. मधल्या काळात जग उलटंपालटं झालं. ज्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखाने २००१ साली लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमला कॅन्सर म्हटलं, तिनेच २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला गिटहब, म्हणजे खुला कोड ठेवायची जागा, विकत घेतलं. आमची लायब्ररीही तिथेच आहे.

पण हा सगळा राग गिऱ्हाइकाचा आहे. 'मला दिलेली वस्तू बिघडवली' असा. मी लोअर परळला ज्या इमारतीत बसतो ती एका बंद गिरणीच्या आवारात आहे. चिमणी शोभेला ठेवली आहे. १९८२ च्या संपात अशा गिरण्यांमधली माणसं अडीच लाखांच्या संख्येने 'आमच्या कामाचं काय?' असं विचारत होती. आम्ही तिथेच बसून काम करतो आणि हा प्रश्न आम्हाला सुचतही नाही. असं का झालं असावं? तुमचे अनुभव लिहा.

---

घणसोलीकर

लेख मनापासून लिहिलाय, पण मला पूर्ण पटत नाही.

मी साताऱ्याकडच्या एका खेड्यातला. घरात पाच एकर कोरडवाहू. मोठ्या कंपनीने कॉलेजातून उचललं, तीन महिने शिकवलं, पगार दिला, त्यावर बहिणीचं लग्न झालं आणि आईवडिलांच्या डोक्यावर पक्कं छप्पर आलं. ज्यांच्या घरी पहिल्यापासून कॉम्प्युटर होता त्यांना कंपनीला शिव्या देणं सोपं जातं. माझ्यासाठी तो दरवाजा होता आणि तसा दुसरा नव्हता.

दुसरं म्हणजे लिनक्सच्या केर्नेलमधले, म्हणजे गाभ्यातले, बहुतेक बदल आज कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात. त्या कंपन्या उद्या हटल्या तर फक्त रविवारच्या हौशी लोकांवर ते चालणार नाही. आणि तुमच्या लायब्ररीला एमआयटी लायसन्स तुम्हीच लावलंत. कुणीही वापरा, फुकट वापरा, हे तुम्हीच लिहून दिलंय. मग त्यांनी फुकट वापरलं याचं वाईट का वाटावं?

---

गिरणगावकर

वापरलं याचं वाईट वाटत नाही, आनंदच होतो. एका सहकारी पतपेढीच्या पासबुकावर आमच्या लायब्ररीने छापलेलं 'सत्त्याऐंशी' पाहिलं तेव्हा मी त्याचा फोटो आईला पाठवला होता. वाईट वाटलं ते तासाभरात उत्तर मागण्याचं. त्याच एमआयटी लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलंय की वस्तू 'आहे तशी' दिली आहे, कसलीही हमी नाही. त्यांनी फुकटपणा तेवढा वाचला, त्याच्या खालची ओळ वाचली नाही.

तुमच्या घराबद्दल लिहिलंत त्याचा मान आहे. माझे वडीलही गिरणीबद्दल असंच बोलतात. गिरणी नसती तर कोकणातून आलोच नसतो, म्हणतात. आणि तरी संपात होते.

---

डेटाबेसवाली

मला वाटतं 'मोठी कंपनी' या शब्दापाशीच आपण अडकतो. छोट्या कंपन्यांनीही आमच्या टीमला तेवढंच पळवलंय.

शोधाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकने जानेवारी २०२१ मध्ये लायसन्स बदललं. कारण असं की ॲमेझॉन त्यांचंच सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकत होती. ॲमेझॉनने फोर्क काढला, म्हणजे त्याच कोडवरून आपली वेगळी आवृत्ती, ओपनसर्च. तेव्हा माझी सगळी सहानुभूती इलॅस्टिककडे होती, छोट्याने मोठ्याशी दोन हात केले म्हणून. मग ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या टूलचं लायसन्स बदललं आणि मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने. रेडिसच्या वेळी मी ऑन-कॉल होते, म्हणजे अडचण आली की फोन मला. आमच्या कायदा विभागाने सोमवारी विचारलं की आपण कुठली आवृत्ती कुठे कुठे वापरतो त्याची यादी द्या. ती यादी करायला आम्हाला नऊ दिवस लागले. कुणी कॅशसाठी लावलेलं, कुणी रांगेसाठी, एका टीमने तर त्यात सत्रं साठवलेली आणि ती टीम दोन वर्षांपूर्वीच मोडलेली. शेवटी आम्ही व्हॅल्कीवर गेलो. रेडिसचा तो फोर्क लिनक्स फाउंडेशनकडे आहे आणि त्यामागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल उभ्या आहेत. म्हणजे छोट्या कंपनीने बंद केलेलं दार या खेपेला मोठ्यांनी उघडं ठेवलं. पुढे मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल हे खुलं लायसन्स लावून पुन्हा खुलं केलं, पण तोवर आम्ही निघून गेलो होतो.

या सगळ्यात कंपनीचा आकार कधीच कामाचा ठरला नाही. कामाची गोष्ट एकच होती: कॉपीराइट किंवा प्रकल्पाची सूत्रं एकाच कंपनीच्या हातात होती का? बाहेरच्या माणसाने कोड देताना हक्क कंपनीला लिहून दिले असतील तर कंपनी एका रात्रीत लायसन्स फिरवू शकते. पोस्टग्रेस या डेटाबेसचं तसं करता येत नाही, कारण तिथे कुणी एक मालकच नाही. तेव्हापासून नवीन काही निवडायचं झालं की मी आधी हक्क कुणाकडे आहेत ते बघते, वेग नंतर. तुमच्या लायब्ररीत कुणाच्या नावावर हक्क आहेत, हे तिघांनी मिळून लिहून ठेवलंय का?

---

गिरणगावकर

नाही. तिघांची नावं फक्त एका फायलीत आहेत. हे करायला हवं.

---

लॅमिंग्टन रोड

वयाने तुमच्यापेक्षा मोठा आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं, तेव्हा मी काळ्या पडद्यावर शेल खात्याने जोडायचो. लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला मोडेम आणला होता. लाइन तुटली की पुन्हा डायल करताना तो जो कर्कश आवाज यायचा त्याने घरचे उठायचे. लिनक्सच्या सीडी मासिकाबरोबर यायच्या, त्या आम्ही हातोहात फिरवायचो. माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये लिनक्सवाले जमायचे. तिथे कंपनीविरोधी वातावरण होतं, पण त्यात वैर कमी आणि उत्साह जास्त होता. आपलं आपण करू शकतो, कुणाची परवानगी लागत नाही, हा तो उत्साह.

त्याच उत्साहाने २०१५ चा लढा झाला. फुकट इंटरनेटच्या नावाखाली निवडक साइट दाखवायच्या, हा डाव होता. त्या एप्रिलमध्ये ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, दहा लाखांवर ईमेल गेले. वर्षअखेरीस फेसबुकने फ्री बेसिक्ससाठी पानभर जाहिराती दिल्या, मुंबईत होर्डिंगं लागली. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. जगातली एवढी मोठी कंपनी आणि तिला इथल्या प्रोग्रामरांनी, वकिलांनी, विद्यार्थ्यांनी अडवलं. मला आजही त्याचा अभिमान वाटतो.

आणि सात महिन्यांनी, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ आलं. महिनोन्महिने डेटा फुकट. तेच आम्ही सगळे आधारकार्ड घेऊन रांगेत उभे होतो, मीही होतो. दर इतके पडले की माझी कामवाली बाई मुलाशी व्हिडिओवर बोलायला लागली, हे खरं आहे आणि चांगलंच झालं. पण दोन-तीन वर्षांत एकामागून एक कंपन्या मिटल्या किंवा विलीन झाल्या. आज खासगी तीन आणि बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आमच्या सोसायटीत कुणी ईमेल मोहीम काढली नाही.

'साइट निवडून दाखवू नका' हे आम्हाला दिसलं, कारण बंधन डोळ्यांना दिसत होतं. 'निवडायला कंपनीच उरली नाही' हे दिसायला वेळ लागतो. यूपीआयचंही तेच. रस्ता आपला, वांद्रे-कुर्ला संकुलात बसलेल्या एनपीसीआयने बांधलेला. पण त्यावरची ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाहतूक फोनपे आणि गूगल पे या दोघांची. एका ॲपला तीस टक्क्यांची मर्यादा घालायचं २०२० सालीच ठरलं होतं, मुदत पुढे २०२६ अखेरपर्यंत ढकलली गेली. भाजीवालीला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. पण आपल्याला माहीत असतं, तेव्हा आपण बोलायला हवं.

---

वसईची

लॅमिंग्टन रोड यांना +१. जिओच्या रांगेत मीही होते, अकरावीत.

---

मालाड पश्चिम

मूळ प्रश्न कामगाराचा आहे, म्हणून एक लिहितो. माझा धाकटा भाऊ दुचाकीवर जेवण पोचवतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. पावसाळ्यात लिंक रोडला पाणी भरलं असताना त्याने एक ऑर्डर नाकारली. त्यानंतर त्याला दोन तास एकही ऑर्डर आली नाही. तो फोन हातात धरून एका दुकानाच्या छपराखाली उभा होता आणि मला विचारत होता, "दादा, तू यातलाच आहेस ना, सांग ना हे का होतं?"

मी सांगू शकलो नाही. पण मला हे माहीत आहे की कुठल्यातरी वातानुकूलित खोलीत माझ्यासारख्याच माणसाने ती अट लिहिली. कामाच्या तिकिटावर लिहिलं असेल, 'नकार दिल्यास प्राधान्य कमी'. त्याने ती दोन दिवसांत पुरी केली असेल, चाचण्या लिहिल्या असतील, रिव्ह्यू झाला असेल. कुणी विचारलं नसेल की पाऊस असला तर?

मीही अशाच अटी लिहितो. माझ्या भागात त्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल असतात. भावाच्या फोननंतर मी पहिल्यांदा रिव्ह्यूमध्ये विचारलं की हप्ता चुकल्यावर माणसाला पहिला फोन किती वाजता जातो. उत्तर आलं, सकाळी आठला. मी विचारलं, रात्रपाळीवाल्याचं काय? ते बदलून अकरा केलं. तेवढंच झालं. पण ते माझ्या हातात होतं आणि चार वर्षं मी विचारलं नव्हतं.

गिरणीत मुकादम दिसायचा तरी. भावाचा मुकादम मी लिहितो.

---

पार्ल्याची वकील

इथे बरेच जण 'आम्ही कामगार नाही, प्रोफेशनल आहोत' असं गृहीत धरून बोलतात, म्हणून कायद्याचं एवढंच सांगते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येत 'तांत्रिक' काम करणारा माणूस कामगारच धरलेला होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तांत्रिक काम त्या व्याख्येत आहे. मोठा पगार आहे म्हणून तांत्रिक काम करणारा आपोआप बाहेर पडत नाही. बाहेर राहतो तो मुख्यतः व्यवस्थापन करणारा. पदाला 'लीड' किंवा 'मॅनेजर' हा शब्द चिकटवल्याने काही ठरत नाही. दिवसभर तुम्ही खरोखर काय करता ते न्यायालय बघतं. कोड लिहीत असाल तर एक गोष्ट, माणसं नेमत आणि काढत असाल तर दुसरी.

माझ्याकडे येणारे आयटीतले लोक राजीनाम्यावर सही करून मग येतात. एका बंद खोलीत बसवून 'आत्ताच्या आत्ता सही करा, नाहीतर अनुभवपत्र मिळणार नाही' असं सांगितलेलं असतं. सही करायच्या आधी या. निदान तो कागद घरी नेऊन वाचायचा वेळ मागा. मोठमोठ्या सिस्टिम चालवणारी माणसं त्या खोलीत एकटी पडतात, कारण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काय पगार आहे हेही त्यांनी कधी विचारलेलं नसतं.

रविवारची सुट्टी आपण जन्मजात असल्यासारखी घेतो. ती नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी मागून मागून १८९० मध्ये मिळवली. शनिवारी पहाटे दोनला दुरुस्ती करून देणाऱ्याला हे आठवून द्यावंसं वाटलं.

---

अक्षरजुळणी

थोडं वेगळं मत. तुम्ही सगळे आत्ता हे मराठीत टाइप करताय. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी 'ॲप' लिहायला अ वर चंद्र काढायची कसरत करावी लागे आणि निम्म्या मशीनवर तो तुटून दिसायचा. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचना संस्थेने केलेले मुक्ता, बलू हे फॉन्ट गूगल फॉन्टवर आहेत, लायसन्स खुलं आहे, कुणीही लग्नपत्रिकेपासून वेबसाइटपर्यंत वापरतो. मोठ्या कंपनीची वाटप-व्यवस्था नसती तर इतकी सुबक देवनागरी अक्षरं इतक्या स्वस्तातल्या फोनपर्यंत पोचली नसती. मी वीस वर्षांपूर्वी एका फॉन्टसाठी दीड हजार रुपये मोजले होते आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतही नव्हता.

तिथेही हक्काचाच मुद्दा आहे, डेटाबेसवाली म्हणतात तसा. लायसन्स खुलं आहे म्हणून उद्या ती साइट बंद पडली तरी माझ्याकडची फाइल माझ्याकडे राहते. कंपनीचे पैसे घ्यायला माझी हरकत नाही, पण अक्षर परत काढून घेता येता कामा नये.

---

घणसोलीकर

मालाड पश्चिम यांचा प्रतिसाद वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं सगळं मागे घेत नाही, पण एक भाग घेतो.

मी हार्टब्लीड या सुरक्षा-त्रुटीच्या वेळी, एप्रिल २०१४ मध्ये, आमचे सर्व्हर दुरुस्त करणाऱ्या टीमचा भाग होतो. तीन रात्री. तेव्हाच वाचलं होतं की ज्यात ती त्रुटी होती त्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळायच्या. जगभरच्या बँका त्यावर उभ्या होत्या, आमचे ग्राहकही. मग मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करायच्या खुल्या टूलचं प्रकरण झालं. ते सांभाळणाऱ्या थकलेल्या एकट्या माणसावर दबाव टाकून, मदतीच्या बहाण्याने आत शिरून कुणीतरी मागचं दार बसवलं. एका इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला म्हणून ते सापडलं. दोन्ही वेळा मला वाटलं होतं, कंपन्यांनी यांना पैसे द्यायला हवेत. आणि दोन्ही वेळा मी माझ्या कंपनीत एकालाही विचारलं नाही.

म्हणून काल विचारलं. आमच्या खरेदी विभागातल्या बाईंनी जे सांगितलं ते उपयोगी आहे. त्या म्हणाल्या, 'देणगी' या नावाखाली आम्हाला एक रुपया देता येत नाही, तो डबाच आमच्याकडे नाही. पण 'वार्षिक देखभाल करार' म्हणून बिल आलं तर ती आमच्यासाठी रोजची गोष्ट आहे. व्हेंडर म्हणून नोंदणी, पॅन, रद्द केलेला चेक, बिल. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, तसं पत्र दिलं की झालं. त्यांनी पुढे जे सांगितलं ते मला जास्त लागलं: "कुणी बिल पाठवतच नाही हो." काही कंपन्या आपणहून देतात, झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला. पण बाकीच्यांकडून येण्याची वाट बघण्यापेक्षा मागा. गिरणगावकर, करार लिहायला मदत हवी असेल तर मी करतो. मागणी काय लिहायची ते आमच्या बाजूने मला माहीत आहे.

---

डेटाबेसवाली

आणि करारात उत्तर देण्याची वेळ लिहा. 'कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत'. रात्रीचं हवं असेल तर वेगळा दर. आम्हाला ऑन-कॉलचा भत्ता मिळतो तो असाच भांडून मिळाला आहे. त्याआधी तीन वर्षं मी फोन उशीखाली ठेवून फुकट झोपत होते.

---

गिरणगावकर

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

तिघं बसलो आणि हक्क तिघांच्या नावावर लिहून काढले. कुणी एकटा लायसन्स बदलू शकणार नाही, हे त्यात पहिलं. घणसोलीकरांनी करार दोन पानांत बसवून दिला, पार्ल्याच्या वकीलबाईंनी त्यातली तीन वाक्यं बदलली. मग ज्या कंपनीकडून ती मेल आली होती त्याच माणसाला लिहिलं: लायब्ररी फुकट होती आणि फुकटच राहील. तुम्हाला ठरलेल्या वेळेत उत्तर हवं असेल तर सोबत करार आहे, वर्षाचे साठ हजार, रात्री दहानंतरचं काम वेगळं.

चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी त्याचा स्वतःचा फोन आला. आवाज पंचविशीतला, डोंबिवलीचा निघाला. म्हणाला, "सर, त्या रात्री मीही ऑफिसातच होतो, मला कुणी जाऊ देत नव्हतं. तुमचं उत्तर आलं तेव्हा मला शेवटची लोकल चुकली होती." मी ही बाजू धरलीच नव्हती. बराच वेळ बोललो. करार त्याने पुढे पाठवलाय, व्हेंडरचा फॉर्म आलाय. वकीलबाईंचा नंबर मी त्याला दिला. येत्या रविवारी दुपारी चारला आम्ही पाच-सहा जण दादरला भेटतोय, तोही येतोय. कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वडिलांना सांगितलं तर त्यांनी आधी फॉर्म बघायला मागितला. 'अक्षरी रुपये'च्या रकान्यात लायब्ररीने छापलेलं 'साठ हजार फक्त' बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, "तिघांत समान ना?"

हो, समान.